कागदावरची करवत

पूल वाहून गेला त्याच आठवड्यात वस्तीतली झाडून सगळी दारं फुगली. जे दार लागलं ते उघडेना आणि जे उघडलं ते लागेना. सुताराला दिवसाला दहा हाका. बरं, माणूस असा की नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. सकाळी रंधा आणि पटाशी पिशवीत टाकून निघायचा, तो दुपारी घामाने निथळत, मिशांत भुस्सा घेऊन परत यायचा. बायको म्हणायची, "जगाची दारं तासून या तुम्ही. आपल्या न्हाणीघराचं दार मी आतून बादली लावून धरते."

शाळा नदीपलीकडे होती. पूल गेल्यावर उरली एक नाव, आणि पाण्याला ओढ अशी की धट्टीकट्टी माणसंसुद्धा नावेत बसताना काठ सोडत नव्हती. पाणी उतरेपर्यंत मुलांना नावेत घालायचं नाही असं शाळेने ठरवलं. चौथीच्या बाई दर सोमवारी प्लास्टिकच्या पिशवीत धड्यांचे कागद घट्ट बांधून नावाड्याबरोबर पाठवायला लागल्या. पहिल्याच पिशवीत चिठ्ठी होती. बाकीचे विषय मुलं वाचून करतील, गणित मात्र कुणी तरी मोठ्या माणसाने रोज तासभर समोर बसवून घ्यावं, सात आठवड्यांनी परीक्षा आहे.

नावाड्याने चिठ्ठी धक्क्यावरच मोठ्याने वाचून दाखवली. दुकानदार म्हणाला, मला दुकान आहे. दूधवाला म्हणाला, मला गाई आहेत. बाकीचे नदीकडे असे बघत राहिले, जसं काही त्यांनी नदी आजच पाहिली.

"सुतारकाका आहेत की," नावाडी म्हणाला. "मापातलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

सगळ्या माना वळल्या. इतक्या माणसांनी एकदम आपल्याकडे मानाने बघावं ही गोष्ट सुताराच्या आयुष्यात फार वेळा घडलेली नव्हती. त्याची छाती फुगली आणि तोंडातून शब्द गेला, "घेईन की. त्यात काय!"

त्यात काय होतं ते त्याला घरी पोचेपर्यंत कळलं. तो तिसरीतून शाळा सोडून बापाच्या हाताखाली लागला होता. बेरीज-वजाबाकी तोंडी करायचा, पाढे वीसपर्यंत खडाखड यायचे, इंच आणि सूत डोळ्यांनी ओळखायचा. पण कागदावरचा भागाकार, तो आकड्यांखाली आकडे लोंबत जाणारा, त्याने कधी केलाच नव्हता.

"बोलून बसलात ना?" बायको म्हणाली.

"बसलो."

"मग आता निस्तरा."

खरं तर वस्तीसाठी म्हणून त्याने हे अंगावर घेतलंच नव्हतं. वस्तीत चौथीतली सात मुलं होती, त्यांत त्याची नात होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली कुणी बघितलीच नव्हती. दोन वर्षांची असल्यापासून ती आजी-आजोबांकडे होती. तिची आई, म्हणजे सुताराची एकुलती एक लेक, दूर शहरात इस्पितळात आया होती, जावई ट्रकवर. लेकीला खरं तर नर्स व्हायचं होतं. पण सातवीत गणितात दोनदा आपटली आणि शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून गणित म्हटलं की तिच्या कपाळाला आठी यायची. आणि भिंगरी पुराआधीच्या गणिताच्या चाचणीत नापास झाल्याचं कळल्यावर ती फोनवर साफ बोलली होती.

"बाबा, या परीक्षेत ती पास झाली तर राहू दे तुमच्याकडे. नाही झाली तर मी घेऊन जाईन. इथे शिकवणी लावेन. माझ्यासारखं तिचं होऊ द्यायचं नाही मला."

तो "बरं" म्हणाला. फोन ठेवून अंगणात गेला आणि काही काम नसताना करवतीला धार लावत बसला. भिंगरीशिवाय हे घर कसं असेल याचा विचार त्याने करून बघितला आणि त्याला तो करवेना.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या त्याच्या कामाच्या छपरात शाळा भरली. सात मुलं चटईवर, भोवती फळ्या, चौकटी आणि घोटाभर भुस्सा. वह्या पुरात भिजलेल्या, म्हणून त्याने प्रत्येकाला एक-एक तासलेली फळी दिली आणि एक-एक सुतारी पेन्सिल. फळी भरली की रंधा फिरवायचा, पुन्हा कोरी. मुलांना हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी ती मुद्दाम चुकायला लागली. कुणाचं चुकतंय की रंधा फिरतोय!

पाढे तो रंध्यावरच घ्यायचा. एक ढकल, एक ओळ. "सात एके सात" म्हणत रंधा पुढे, सालपट वळून बाहेर. "सात दुणे चौदा", दुसरं सालपट. मुलं तालात ओरडायची, आणि दाराचं कामही होऊन जायचं. दूधवाल्याच्या जुळ्या पोरांनी आठवड्यात सतराचा पाढा पाठ केला आणि दुकानदाराचं दारही तयार झालं. दुकानदार मात्र कुरकुरला. त्याचं दार उंचीला एक बोट कमी भरलं, कारण जुळे सतरा नव्वे कितीवर अडल्यामुळे रंधा त्याच ठिकाणी फार वेळ फिरला होता.

भागाकाराचं काय करायचं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. उजाडता उजाडता, भिंगरी झोपलेली असताना, तिचं पुस्तक घेऊन तो पायरीवर बसायचा. ओठ हलवत, बोट ओळीखालून सरकवत. एके दिवशी बायको दूध घेऊन आली आणि मागे उभी राहिली.

"काय वाचताय?"

"काही नाही."

"ओठ तर हलतायत."

"अगं, या चारने नवाला भागलं की दोन वर जातात, एक उरतो. मग पुढचा आकडा या एकाशेजारी उतरवायचा. उतरवायचा का, ते काही पुस्तकात लिहिलेलं नाही."

बायको शेजारी बसली. ती शाळेत गेलेलीच नव्हती. थोडा वेळ तिने त्या आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "उरलेलं टाकून देणार आहात का मग? पुढच्या घासाबरोबर खायचं."

सुतार तिच्याकडे बघतच राहिला. त्या दिवशी मुलांना त्याने भागाकार असाच शिकवला, आणि सातांपैकी पाचजणांना तो तिथल्या तिथे कळला. श्रेय त्याने बायकोला दिलं नाही. फक्त दुपारी न्हाणीघराचं दार तासून दिलं.

अपूर्णांक तर त्याच्या हातातलेच होते. अर्धा, पाव, अष्टमांश. एक इंच म्हणजे आठ सूत, हे मुलांना टेपवर दाखवलं की संपलं. त्याने एक पट्टी घेतली, तिचे चार भाग करायला सांगितले. लांब्याने, म्हणजे कुंभाराच्या उंच पोराने, खुणा केल्या आणि करवत चालवली. चारही तुकडे जुळवले तर मूळ पट्टीपेक्षा लांबी कमी भरली.

"कुठे गेलं?" सुताराने विचारलं.

मुलं खाली शोधायला लागली.

"तिथे नाही. करवतीने खाल्लं. दर कापाला करवत एक सूत खाते. हा बघा भुस्सा, हेच ते. जो सुतार करवतीचं खाणं धरत नाही, त्याची खिडकी चौकटीत डुगडुगते."

मुलांना हे भलतंच पटलं. करवत खाते, ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितली.

तीन आठवड्यांनी बाई स्वतः नावेतून आल्या. तरुण होत्या, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात सोडवून पाठवलेल्या कागदांचा गठ्ठा. सुताराने स्टूल पुसून दिलं. बायकोने पाणी आणलं. मुलं एका ओळीत बसली, जणू फोटो काढायचाय.

"काका, बाकी छान आहे. पाढे तर आमच्या इकडच्या मुलांपेक्षा चांगले," बाई म्हणाल्या. सुताराने मिशीवरून हात फिरवला. "पण हे मला काही कळलं नाही. बारा मीटर फळीचे चार समान भाग, प्रत्येक भाग किती? सातही मुलांनी लिहिलंय, तीन मीटरला थोडं कमी."

"बरोबर आहे," लांब्या म्हणाला.

"बरोबर कसं?"

"तीन काप होणार ना बाई. तीन सूत करवत खाणार."

"आणि हे? पंधरा मीटर रिबिनीचे पाच भाग. तीन मीटरला थोडं कमी."

"कात्री पण थोडं खात असेल," जुळ्यातला एक म्हणाला.

बाईंना हसू आवरेना. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, पण सुताराच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षं ज्या ज्ञानावर त्याने घर चालवलं, त्यावर सात लाल फुल्या बसल्या होत्या.

"काका," बाई म्हणाल्या, "गणितातली करवत लाकूड खात नाही. ती कागदावरची करवत. परीक्षेत हे असं लिहिलं तर मुलांचे मार्क जातील हो."

"चूक माझी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी छपरात शाळा भरली नाही. सुतार उजाडताच पिशवी घेऊन निघून गेला आणि दुकानदाराचं ते एक बोट कमी भरलेलं दार खालून पट्टी मारून लांब करत बसला. दुकानदाराने त्यावरही चार शब्द ऐकवले. तो खिळे ठोकत राहिला. मनात एकच होतं, माझ्या शहाणपणामुळे ही पोरगी जाणार.

दहा वाजता रस्त्यावरून सात मुलं आली. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली फळी. दुकानाच्या पायरीवर ओळीने बसली.

"इथे काय?" सुतार म्हणाला.

"तुम्ही नाही आलात, मग आम्ही आलो," भिंगरी म्हणाली.

"मला नाही येत गं गणित. बाई हसल्या ते बघितलंस ना?"

"बाई लांब्यालाही हसतात. तो रोज येतो."

लांब्याने मान डोलावली. हे त्याला मुळीच लागलेलं दिसलं नाही. सुताराने हातोडी खाली ठेवली, नाक पुसलं आणि दुकानदाराकडे बघितलं. दुकानदार म्हणाला, "बघतोस काय? घे त्यांना. माझं दार कुठे पळून जातंय."

तर त्या दिवशी शाळा दुकानाच्या पायरीवर भरली, आणि सुताराने मुलांना बजावून सांगितलं: आपल्या छपरातली करवत वेगळी आणि कागदावरची वेगळी. परीक्षेत कागदाचं ऐकायचं. आपलं डोकं तिथे चालवायचं नाही.

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

परीक्षा छपरातच झाली. बाई प्रश्नपत्रिका घेऊन आल्या आणि सुताराला बाहेर काढलं. तो अंगणात एक फळी घेऊन तासत उभा राहिला. आतून कुणाचा आवाज येत नव्हता. दोन तासांनी बायकोने येऊन बघितलं तर फळीचा पापुद्रा राहिला होता.

"कुणाची होती?" तिने विचारलं.

"दूधवाल्याच्या खिडकीची," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

मुलं बाहेर आली ती भांडतच. एका प्रश्नावर जुंपली होती. ओंडक्याचे पाच तुकडे करायचे आहेत, एकदा कापायला दोन मिनिटं लागतात, तर एकूण किती वेळ? सहाजणांचं उत्तर दहा मिनिटं. भिंगरीचं आठ.

"पाच दुणे दहा!" लांब्या म्हणाला. "सरळ आहे."

"पाच तुकड्यांना चारच काप लागतात," भिंगरी म्हणाली. "शेवटचा तुकडा आपोआप सुटतो. आबा, सांगा ना यांना."

सात तोंडं त्याच्याकडे वळली. सुताराला उत्तर ठाऊक होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण त्या सात लाल फुल्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या, बाईंचं हसणं कानात आलं.

"कागदावर... दहाच असेल बहुतेक," तो म्हणाला.

मुलांनी हुर्यो केली. भिंगरीच्या चेहऱ्यावरचं सगळं तेज एकदम उतरलं, आणि ती घरात निघून गेली. जेवताना तिने फक्त एवढंच विचारलं, "आबा, कागदावरची करवत खात नाही, ते ठीक. पण कापते तर तशीच ना?"

सुताराने हातातला घास ताटात परत ठेवला.

आठ दिवसांनी निकाल आला. सहाजण पास. भिंगरीला पन्नासांपैकी सोळा. पास व्हायला अठरा लागत होते. ओंडक्याचा प्रश्न दोन मार्कांचा होता आणि तिच्या आठावर लाल फुली होती. सोबत बाईंची चिठ्ठी: मुलीच्या आईचा शाळेत फोन आला होता, त्या येत्या गुरुवारी येऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जाणार आहेत.

चिठ्ठी भिंगरीनेच वाचली. वाचून झाल्यावर घडी घातली आणि आजीच्या कुशीत जाऊन बसली. ती एका जागी इतका वेळ बसलेली त्या घराने पहिल्यांदा बघितली.

सायंकाळी सुतार बायकोपुढे येऊन उभा राहिला. "तिचं बरोबर होतं. मला माहीत होतं तिचं बरोबर आहे. आणि मी पोरीला सगळ्यांदेखत खोटं पाडलं."

"मग आता?"

"शाळेत जातो. पण तिथे मी काय बोलणार? माझं कोण ऐकणार?"

"तोंडाने तुम्हाला काही सांगता येत नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे," बायको म्हणाली. "करवत घेऊन जा."

गुरुवारपर्यंत पाणी बरंच उतरलं होतं. तो, भिंगरी, करवत आणि हातभर लांबीचं एक दांडकं असे नावेतून पलीकडे गेले. धुतलेला सदरा घातला होता, तरी शाळेच्या कचेरीत पाय ठेवल्या ठेवल्या कारकून म्हणाला, "बरं झालं आलास! हे कपाट बघ, दोन महिने उघडत नाही."

"मी त्यासाठी नाही..." सुतार म्हणाला.

"अरे, पाच मिनिटांचं काम आहे."

नाही म्हणणं जमत नव्हतंच. भिंगरी दातओठ खात बाजूला उभी राहिली आणि तिचे आबा गुडघ्यावर बसून शाळेचं कपाट उघडायला लागले. तो असा ओणवा असतानाच दारातून आवाज आला.

"बाबा? तुम्ही इथे?"

लेक उभी होती. रात्रपाळी करून तशीच बसमध्ये बसली असावी, डोळे तांबारले होते. हातात दाखल्याचा अर्ज. भिंगरीने जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली.

"कपाट दुरुस्त करायला आलात?" लेक म्हणाली.

"नाही. तिच्या मार्कांसाठी आलोय," सुतार उठत म्हणाला. गुडघ्यांनी कट्ट आवाज केला.

हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. बाईंना वर्गातून बोलावलं. मग टेबलावरचा एक छापील कागद पुढे केला. "हे बघा, उत्तरं वरून छापून आलेली आहेत. दहा मिनिटं. आता छापलेलं मी कसं बदलू?"

"साहेब, मी एकदा कापून दाखवू का?" सुतार म्हणाला.

"इथे?"

"भुस्सा मी झाडून घेईन."

त्याने स्टूल ओढलं, त्यावर दांडकं आडवं ठेवलं, पाय दिला. चार खुणा केल्या. पण करवत टेकवली आणि पहिल्याच ओढीला ती सटकली. चाळीस वर्षांत न सटकलेली करवत! लाकडावर वेडीवाकडी रेघ उमटली. कारकून हसला. खिडकीला आता मुलं गोळा झाली होती, त्यांच्यातही खुसखूस झाली.

तेवढ्यात कुणी तरी दांडक्याचं दुसरं टोक घट्ट धरलं. लेक होती. अर्ज तिने दातांत धरला होता. तिने नुसती मान हलवली, चालवा म्हणून.

करवत लागली. पहिला तुकडा खाली पडला.

"एक!" भिंगरी म्हणाली. खिडकीतल्या मुलांनीही मोजायला सुरुवात केली. "दोन!" "तीन!" चौथ्यांदा करवत आरपार गेली तेव्हा एक तुकडा जमिनीवर पडला आणि एक लेकीच्या हातात राहिला.

"चार!" मुलं ओरडली, आणि मग एकदम गप्प झाली. सगळी खाली बघून तुकडे मोजत होती. चार जमिनीवर आणि एक हातात.

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझी चूक," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी कागद लावून नुसते तपासत गेले. वाचलंच नाही." त्यांनी पेन काढलं, भिंगरीच्या पेपरावरची फुली खोडली, दोन लिहिले. अठरा.

"मग ज्यांनी दहा लिहिलंय त्यांचे दोन-दोन कापावे लागतील," हेडमास्तर म्हणाले. खिडकीतून एकच गलका उठला.

"साहेब, त्यांचे नका कापू," सुतार म्हणाला. "आमच्या वस्तीतल्या पोरांना मीच सांगितलं होतं, कागदापुढे डोकं चालवू नका. आणि ही घरी येऊन आठ म्हणाली, तेव्हा मी दहा म्हणालो. भ्यालो मी. मार्क कापायचे तर माझे कापा."

"तुमचे मार्क कुठून आणू?" हेडमास्तर म्हणाले, पण हसून. कुणाचेच कापले नाहीत.

सुतार भिंगरीकडे वळला. "चुकलो गं."

"माहितेय," ती म्हणाली. "भुस्सा झाडा आता."

लेकीने अर्ज दातांतून काढला. त्याची चार पदरी घडी घातली आणि पर्समध्ये खाली दडपली. दाखल्याचं नाव कुणी काढलं नाही.

धक्क्यावर नावेची वाट बघत तिघं बसली. भिंगरी पाण्यात खडे टाकायला गेली, तेव्हा लेक नदीकडे बघत म्हणाली, "बाबा, मला का नाही शिकवलंत असं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सुताराने आपल्या तळहातावरचे घट्टे बघितले. काही तरी सांगून वेळ मारून न्यावी असं त्याला वाटलं, पण आज एकदा खरं बोलून झालं होतं.

"मला वाटायचं, मला काय येतंय? शाळेतलं शाळेतच शिकतात. तू दोनदा नापास झालीस तेव्हा मी बाहेर फळी तासत होतो. तू आत रडत होतीस. ऐकू येत होतं मला. पण आत येऊन काय सांगायचं तेच कळेना. म्हणून तासतच राहिलो."

लेकीने डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. रात्रपाळीची थकलेली होती. नाव येईपर्यंत तिथेच तिला डुलकी लागली, आणि सुतार खांदा न हलवता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपरात नेहमीसारखी मुलं जमली. शाळेचा निरोप होता, आणखी पंधरा दिवस घरीच. सुताराने फळ्या वाटल्या. बारा एके बारा सुरू झालं. तेवढ्यात मागच्या बाजूला चटई सरकल्याचा आवाज आला. लेक येऊन लांब्याच्या शेजारी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, कारण जागाच तेवढी होती.

"काय हवंय गं?" सुताराने विचारलं.

"भागाकार," ती म्हणाली. मुलांकडे न बघता, भराभर बोलून टाकलं. "उरलेल्याचं पुढे काय करायचं, ते मला कधी कळलंच नाही."

जुळ्यांनी एकमेकांना कोपर मारलं. भिंगरीने दोघांकडे असं काही बघितलं की ते गप्प झाले. मग तिने आपल्या जागेवरून सरकून आईला पाय पसरायला जागा केली.

सुताराने कोपऱ्यातली एक नवी फळी घेतली. तासलेलीच होती, तरी पुन्हा एकदा रंधा फिरवला, हाताने पुसली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली. कानावरची पेन्सिल काढून दिली.

"लिही," तो म्हणाला. "शहाण्णव भागिले चार. घाई नाही."

तिची बस संध्याकाळची होती.